'सिस्टर, त्यांना सांगू नका'

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कॅन्सर वॉर्डातल्या सिस्टरना 'रोज मरण बघून त्रास होत नाही का?' असे लोक विचारतात. होतो. पण त्याहून जास्त दमवते ते नातेवाइकांनी पॅसेजमध्ये बाजूला घेऊन सांगितलेले वाक्य : 'सिस्टर, त्यांना सांगू नका.' जत-आटपाडीचा असो की सीमेपलीकडच्या अथणी-रायबागचा, मिरजेत पेशंटला 'साधी गाठ आहे' म्हणून आणलेले असते. इमारतीवर मात्र 'कॅन्सर' हातभर अक्षरांत! पहिल्या केमोनंतर दोन-तीन आठवड्यांत केस हातात येऊ लागतात, शेजारच्या खुर्चीवरचा आपली केमोची कितवी सायकल (फेरी) ते सांगतो. कळायचे ते कळतेच, फक्त बोलायला कुणी उरत नाही. मग रात्री दोनला, घरचे झोपल्यावर, प्रश्न सिस्टरकडे येतो.

तेव्हा खोटे बोलायचे नाही आणि निदानही फोडायचे नाही. स्टूल ओढून बसायचे, 'तुम्हाला काय वाटतंय?' असे विचारायचे आणि गप्प राहायचे. पुष्कळ जण स्वतःच उत्तर देतात. बऱ्याचदा प्रश्न आजाराचा नसतोच. मुलीचे लग्न, सोसायटीचे कर्ज, सातबाऱ्यावरची नावे असे काही असते. सकाळी ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीला वॉर्ड सोपवताना, हे डॉक्टरांपर्यंत जायला हवे. पण बीपी, लघवी, सलाईन सगळ्याला कागदावर रकाना. 'पेशंटला काय सांगितले आहे, कुणी सांगितले' याला नाही. रात्रीची सिस्टर एक बोलते, सकाळची दुसरे, आणि पेशंटचा दोघींवरचा विश्वास उडतो. रुग्णालयांनी हा रकाना वाढवावा.

दुसरी ओढाताण मॉर्फीनची, म्हणजे तीव्र वेदनांवरच्या औषधाची. 'सवय लागेल', 'हे शेवटचं औषध' म्हणून घरचे गोळी अर्धी करतात, नाहीतर दुखले तरच देतात. मॉर्फीनच्या साध्या गोळीचा असर सुमारे 4 तास टिकतो, म्हणून ती घड्याळ बघून द्यायची. वेळ चुकली की कळ वर चढते आणि मग लवकर आटोक्यात येत नाही. गुंगी आणि मळमळ पहिल्या काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठता ओसरत नाही, त्यामुळे पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून हवे. हे कुणी नीट सांगत नाही आणि पोट फुगल्यावर घरचे मॉर्फीनच बंद करतात. डोस मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू-घटवू नये. अमली पदार्थांच्या कायद्यातील 2014 च्या दुरुस्तीने मॉर्फीनसाठीच्या परवान्यांची कटकट कमी झाली. मनातली भीती अजून तशीच आहे.

समाधानही इथेच मिळते. बरा झालेला पेढे घेऊन येतो, ते छानच. पण 'नोवू, नोवू' (दुखतंय, दुखतंय) करत रात्री काढणारी कानडी आजी डोस बसल्यावर कुशीवर वळून झोपते, किंवा फुटलेल्या जखमेवर मेट्रोनिडॅझोल हे जंतुनाशक औषध लावल्यावर वास कमी होतो आणि दारातच थांबणारा नातू कॉटवर येऊन बसतो, त्या दिवशी ड्युटी जड जात नाही.

राहता राहिले मरण. नळ्या काढून, अंग पुसून, नातेवाइकांना आत बोलावून होते न होते तोच त्या कॉटवरची पुढची भरती दारात उभी असते. ज्या सिस्टरने ही आवराआवर केली, तिला ती भरती देऊ नये. दहा मिनिटे आणि एक चहा द्यावा. इन्चार्ज सिस्टर हे वॉर्डातच ठरवू शकतात, वरून मंजुरी लागत नाही.

— कॅन्सर वॉर्डातील परिचारिका, मिरज (जि. सांगली)