गाडी बंद पडली की दोष क्लचवरच्या पायाचाच?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मॅन्युअल गिअरची गाडी सिग्नलला बंद पडली की शेजारी बसलेला माणूस हमखास म्हणतो "क्लच नीट सोड ना", मागचे हॉर्न वाजवतात, आणि नवीन चालवणारा असेल तर त्यालाही वाटतं की आपलंच चुकलं. पण बऱ्याचदा चूक पायाची नसतेच, इंजिनाचं आयडलिंग, म्हणजे रेस न देता आपलं आपण चालू राहणं, बिघडलेलं असतं, आणि ते कोणी तपासत नाही कारण दोष द्यायला माणूस आयता मिळालेला असतो. म्हणून हे पत्र.

साधी गोष्ट आहे. क्लच पूर्ण दाबलाय किंवा गाडी न्यूट्रलला आहे म्हणजे इंजिनाचा चाकांशी संबंध तुटलेला आहे, अशा वेळी इंजिनाने आपलं आपण चालू राहायलाच पाहिजे. गरम झालेलं पेट्रोल इंजिन साधारण ७०० ते ९०० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांवर, शांत चालतं, सकाळी थंड असताना १२०० च्या वर असतं आणि हळूहळू उतरतं, हे नॉर्मल आहे. पण गरम इंजिनाचा आरपीएमचा काटा न्यूट्रललाच ५०० ते १२०० असा झोके घेत असेल किंवा गाडी तशीच बंद पडत असेल तर चालवणाऱ्याला बोलायचं काही कारण नाही.

आता क्लचचाही दोष असू शकतो, नाही असं नाही, पण तो ओळखता येतो. हँडब्रेक ओढून, ब्रेक दाबून, समोर मोकळी जागा बघून न्यूट्रलला काटा बघा, मग क्लच तळापर्यंत दाबून पहिला गिअर टाका. न्यूट्रलला इंजिन छान चालतं आणि गिअर टाकला की काटा पडतो, गाडी पुढे ढकलल्यासारखी होते, तर पेडल दाबूनही क्लच इंजिनला गिअरपासून पूर्ण वेगळं करत नाहीये. आणि न्यूट्रललाच नुसता क्लच दाबल्यावर इंजिन जड होतं, काटा बराच खाली येतो, तर थ्रस्ट बेअरिंगचा, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याला (क्रँकशाफ्टला) पुढेमागे सरकू न देणाऱ्या बेअरिंगचा संशय घ्यावा लागतो, ते काम मोठं असतं आणि त्यात चालढकल करू नये. मात्र काही गाड्यांत क्लच पेडलला स्विच असतो, त्यावरून ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, आयडल थोडं बदलतो, त्यामुळे जरासा फरक दिसला म्हणून घाबरून जाऊ नका.

सगळ्यात जास्त फसवणारा प्रकार म्हणजे उभी गाडी ठीक, पण चालता चालता थांबायला गेलं की बंद. यामागचं कारण बऱ्याच जणांना माहीत नसतं. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्शनवाल्या गाड्यांत ईसीयू पेट्रोल तोडतो, चाकंच इंजिन फिरवत असतात. मग तुम्ही क्लच दाबता, चाकांचा आधार जातो, काटा धपकन खाली येतो आणि त्याच क्षणी ईसीयूला पेट्रोल आणि हवा परत देऊन इंजिन सावरायचं असतं. थ्रॉटल बॉडीत, म्हणजे इंजिनात जाणारी हवा पाकळीने कमीजास्त करणाऱ्या भागात, काजळी साचलेली असेल किंवा आयडलची हवा सांभाळणारा आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह अडकत असेल तर त्याला हवा वेळेत मिळत नाही आणि इंजिन बसतं. बघणाऱ्याला वाटतं क्लच चुकला!

अशा वेळी थ्रॉटल बॉडी साफ करणं हा स्वस्तातला आणि योग्य पहिला उपाय आहे, पण इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पाकळी इग्निशन चालू असताना बोटाने ढकलू नका, बोट जाईल आणि मोटरही जाईल. साफ केल्यावर आयडल काही काळ चढलेलं राहू शकतं, कारण ईसीयूने आधीच्या घाणीनुसार जुळवून घेतलेलं असतं, आणि बॅटरी काढून लावल्यावर ती जुळवणी पुसली जाऊनही आयडल काही काळ बिघडू शकतं. काही मॉडेलना रीलर्न प्रोसिजर, म्हणजे ईसीयूला आयडल नव्याने शिकवणं, करावीच लागते आणि ती न करता गाडी हातात देणारे कमी नाहीत.

दुसरं मोठं कारण म्हणजे इंजिन कुठून तरी हवा घेतंय. तडकलेला व्हॅक्यूम पाइप, पीसीव्हीची (इंजिनातल्या वाफा परत आत ओढणारी) नळी, इनटेकचं (हवा आत नेणाऱ्या भागाचं) गॅस्केट. ज्या गाडीत हवा मोजणारा सेन्सर आहे तिथे ही चोरवाटेची हवा मोजलीच जात नाही आणि मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. स्कॅनर लावला तर आयडलला फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती वाढवतो-घटवतो तो आकडा) बरंच प्लसमध्ये आणि २५०० आरपीएमला जवळपास नॉर्मल, हे याचं ठळक लक्षण. ब्रेक दाबून धरल्यावर फुसफुस आवाज येऊन आयडल बिघडत असेल तर ब्रेक बूस्टर (इंजिनाच्या व्हॅक्यूमवर ब्रेकला जोर देणारा भाग) नाहीतर त्याची नळी बघा, आणि तेही लवकर, कारण तिथे प्रश्न ब्रेकचा आहे. गळती शोधायला गरम इंजिनवर क्लीनरचा फवारा मारायची पद्धत आहे ती मला धोक्याची वाटते, आग लागू शकते, त्यापेक्षा धूर सोडून तपासणारं मशीन असलेलं गॅरेज गाठा.

आणि स्कॅनरबद्दल एक राग आहे तो इथेच काढतो. स्कॅनरवर पी०१७१ हा बिघाडाचा कोड आला की लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलायचा, ही काय रीत आहे? तो कोड एवढंच सांगतो की मिश्रण पातळ आहे, का पातळ आहे ते तुम्ही शोधायचं. पी०५०५ चं तसंच, आयडल कंट्रोलमध्ये गडबड आहे म्हणजे व्हॉल्व्हच गेलाय असं नाही. सेन्सर बिचारा खरं बोलला आणि त्यालाच काढून फेकला! आणि इंजिनची लाइट लागली नाही म्हणजे काही बिघाड नाही हेही खरं नाही.

काटा स्थिर आहे पण स्टीअरिंग थरथरतंय तर आधी इंजिन माउंट, म्हणजे इंजिन ज्यावर बसवलेलं असतं ते रबरी आधार, बघा. इंजिन मधेच झटका देतंय, म्हणजे मिसिंग मारतंय, तर प्लग आणि कॉइल. पेट्रोल भरल्यावर लगेचच त्रास होत असेल तर पर्ज व्हॉल्व्ह, म्हणजे टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह. कूलंट कमी असेल किंवा त्यात हवा अडकली असेल तरी टेम्परेचर सेन्सर चुकीचं रीडिंग देतो आणि आयडल झोके घेतं. डिझेलचं गणित वेगळं, तिथे इंजेक्टर आणि डिझेलच्या लाइनमध्ये शिरलेली हवा आधी बघतात.

पण बरेच जण यातलं काहीच न करता जुन्या गाडीचा स्क्रू फिरवून आयडल वाढवून देतात, किंवा आपणच सिग्नलला एक पाय रेसवर ठेवून हाफ क्लचवर गाडी धरतो. मूळ दोष तसाच राहतो आणि क्लचप्लेट मात्र खरोखर जळते, मग परत चालवणाऱ्याला बोलायला सगळे मोकळे.

गॅरेजला जाताना "गाडी बंद पडते" एवढंच सांगू नका. थंड असताना की गरम, एसी चालू की बंद, क्लच दाबल्यावर की सोडताना, थांबलेली की थांबताना, हे लिहून न्या, जमलं तर काट्याचा मोबाइलवर व्हिडिओ करून न्या. ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनाही विनंती आहे, शिकणाऱ्याच्या हातून गाडी वारंवार बंद पडत असेल तर त्याला ओरडायच्या आधी न्यूट्रलला टाकून काटा एकदा स्वतः बघा.

आपला,
एक वाचक