आई-पप्पांना, चंद्रपूरला जाण्याआधी

प्रिय आई-पप्पा,
सलाम.

चंद्रपूरकडच्या दवाखान्याला होकार कळवला. पुण्याचा राजीनामाही दिला. फोनवर आई गप्प झाली आणि पप्पा, तुम्ही एवढंच विचारलंत, "ही प्रभूची इच्छा आहे का?"

"हो, त्यानेच पाठवलं" म्हटलं असतं तर तुम्ही पुढे एक शब्द बोलला नसता. पण मला ते म्हणायचं नाही. मनाई केलेल्या झाडाचं फळ खाल्लंस का, असं देवाने विचारल्यावर आदाम म्हणाला, तू दिलेल्या स्त्रीने मला फळ दिलं. हव्वा म्हणाली, सापाने भुलवलं. आदामाने तर सगळं देवावरच ढकललं. मी प्रार्थना केली, रोज केली, पण ठरवलं मी. तिथे नर्सेस टिकत नाहीत, बाळंतिणींना लांब न्यावं लागतं, आणि मला ते काम येतं.

लहानपणी मी तुमच्या मांडीवर बसून हट्टाने विचारायचे, देवाने ते झाड लावलंच कशाला? तुम्ही म्हणायचात, बेबी, बाकी सगळ्या झाडांचं फळ यथेच्छ खा असं तो आधी म्हणाला, ते वाच. प्राण्यांची नावंसुद्धा त्याने सांगितली नाहीत. आदाम काय नावं देतो ते पाहायला प्राणी त्याच्यापुढे आणले! हे वाचताना तुमचा चेहरा खुलायचा. बायबल वर्गात तुम्ही जुन्या काळच्या ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीनचं सांगायचात, की माणसाला इच्छा नसती तर त्याला नीट वागताही आलं नसतं. माणूस स्वतःच्या इच्छेच्या बळावर चांगला राहू शकतो म्हणणाऱ्या पेलागियसशी वाद झाल्यावर त्याने देवाच्या कृपेवर किती भर दिला, तेही लगेच जोडायचात. ती कृपा मला लागणारच आहे, पप्पा. तेवढी मागा माझ्यासाठी.

आई, तुझं मन दुखलंय, कळतंय मला. बागेबाहेर काढण्याआधी देवाने त्या दोघांना चामड्याची वस्त्रं करून घातली, बायबलमध्ये उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात आहे. तूही तशीच. बोलत नाहीस, पण दादाबरोबर गोधडी आणि लसणाची चटणी पाठवलीसच. खोली पक्की आहे, कूलर आहे, मेसमध्ये पोळी मिळते, फोनला रेंज येते. उपासना रविवारी दवाखान्यातच असते. नाताळला मी नगरला, हे नक्की.

आता ऐका. बीपीची गोळी नाश्त्यानंतर, चहाच्या आधी नाही. दादा महिन्याची औषधं आणून देईल, त्याला "राहू दे" म्हणायचं नाही. पप्पांनी गच्चीवर एकट्याने चढायचं नाही, टाकी कितीही भरून वाहू दे. आईच्या गुडघ्याचा एक्स-रे या आठवड्यात झालाच पाहिजे. रिपोर्टचा फोटो मला पाठवा, मी इथल्या डॉक्टरांना दाखवते. आणि राग आला असेल तर फोन करून रागवा, पण बोला.

तुमची,
बेबी