त्या बाईंना नाव होते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला जंतुशास्त्राच्या इतिहासावरचा लेख वाचला. लेखकाने कॉख आणि पेट्री या जर्मन जंतुशास्त्रज्ञांविषयी मन लावून लिहिले आहे, हे आधी मान्य करते. पण मधेच एक वाक्य येते, ‘एका सहकाऱ्याच्या पत्नीने अगर वापरण्याचे सुचवले.’ अगर म्हणजे जंतू वाढवायच्या माध्यमाला घट्टपणा देणारा पदार्थ, आणि सहकारी म्हणजे कॉख यांचा. कालचा सगळा दिवस ते वाक्य मनातून गेले नाही. जंतू वाढवायच्या पेट्रीच्या बशीचे साल आठवणीने दिले आहे, १८८७. मग हा सहकारी कोण आणि त्याची पत्नी कोण, हे सांगायला दोन शब्दांची जागा नव्हती का?

बाईंचे नाव फॅनी अँजेलिना हेस्से. घरचे त्यांना लीना म्हणत. जन्म १८५० चा, न्यूयॉर्कचा. वडील मूळचे डच, सधन व्यापारी. यजमान डॉ. वाल्थर हेस्से हे डॉक्टरांच्याच घरातले, बारा भावंडांतले एक. फ्रान्सविरुद्धच्या लढाईत डॉक्टर म्हणून जाऊन आले, मग जहाजावर डॉक्टर झाले आणि न्यूयॉर्कला गेले असता लीनाबाईंची ओळख झाली. १८७४ साली जिनिव्हात लग्न झाले. पुढे त्यांनी संसार थाटला तो सॅक्सनीच्या डोंगरातल्या श्वार्त्सेनबर्ग या लहानशा गावात. डॉक्टर तिथले सरकारी जिल्हा वैद्यकीय अधिकारी. जवळच श्नेबर्गच्या खाणी. तिथले खाणकामगार छातीच्या दुखण्याने मरत. वर्षानुवर्षे ते दुखणे ‘डोंगरी आजार’ म्हणूनच ओळखले जाई. हेस्सेंनी हार्टिंग या दुसऱ्या डॉक्टरांबरोबर शवविच्छेदने केली आणि १८७९ मध्ये लिहून ठेवले की हा फुफ्फुसाचा कर्करोग आहे आणि खाणकामगारांचे सुमारे तीन-चतुर्थांश मृत्यू त्यानेच होतात. हा दोष खाणीतल्या किरणोत्सर्गी रेडॉन वायूचा, हे कळायला पुढे कितीतरी वर्षे जावी लागली. तालुक्याच्या गावातल्या डॉक्टराने केलेले हे काम. तुमच्या लेखात तो ‘सहकारी’ एवढाच उरला.

१८८१ च्या सुमारास ते कॉख यांच्याकडे बर्लिनला शिकायला गेले. विषय हवेतले जंतू. माध्यम, म्हणजे ज्यावर जंतू वाढवतात तो आहार, जिलेटिनचे, आणि उन्हाळ्यात ते पातळ व्हायचे. शिवाय काही जंतूच जिलेटिन खाऊन त्याचे पाणी करतात. मी एकतीस वर्षे प्रयोगशाळेत माध्यमे तयार केली आहेत, म्हणून हा वैताग मला पुस्तकातून शिकावा लागलेला नाही. आमच्याकडे जिलेटिनची एक चाचणी अजूनही होते. मे महिन्यात नळ्या बाहेर काढल्या की सगळ्याच वितळलेल्या दिसायच्या. जंतूंनी वितळवल्या की उन्हाने, हे बर्फात ठेवून पुन्हा पाहिल्याशिवाय कळायचे नाही. भारनियमनाच्या दिवसांत तर बर्फही मिळायचा नाही.

हेस्सेंनी घरी विचारले, तुझ्या जेली आणि पुडिंगे या उकाड्यात घट्ट कशी राहतात? लीनाबाईंनी सांगितले, अगर-अगर. न्यूयॉर्कला जावाहून आलेल्या डच शेजाऱ्यांकडून त्या ते शिकल्या होत्या. उकळीच्या जवळ नेल्याशिवाय अगर वितळत नाही आणि चाळीस अंशांच्या खाली आले की घट्ट बसते. म्हणजे माणसाच्या अंगाच्या तापमानाला, सदतीस अंशांवर, जंतू वाढवता येतात. हेस्सेंनी ते कॉखना कळवले. १८८२ च्या क्षयाच्या निबंधात कॉख यांनी अगरचा उल्लेख केला, हेस्से नवराबायकोचा केला नाही. ही हकिगत नीट छापून आली ती १९३९ मध्ये. तोवर डॉक्टरांना जाऊन अठ्ठावीस वर्षे झाली होती आणि लीनाबाईंना पाच.

आणि त्यांनी केवळ स्वयंपाकघरातून सल्ला दिला, असेही नाही. तीन मुले सांभाळून त्या नवऱ्याच्या निबंधांसाठी जंतूंच्या वसाहतींची, म्हणजे माध्यमावर वाढलेल्या त्यांच्या ठिपक्यांची, जलरंगातली चित्रे काढत. ज्याने भिंगाखाली पाहून एकदा तरी वसाहत वहीत काढली आहे, त्याला विचारा ते किती कष्टाचे असते.

मला हे इतके का लागले, तेही सांगते. आमच्या साहेबांचा एक निबंध परदेशी नियतकालिकात छापून आला होता. त्यातल्या प्रयोगांसाठी अगरच्या साडेचारशे प्लेट मी ओतल्या होत्या. फ्लास्क मनगटाला लावून चटका बसेनासा झाला की ओतायचे, ही माझी पद्धत. मोजणी माझी, वहीतले अक्षर माझे. आभाराच्या परिच्छेदात संस्थेचे आभार होते, अनुदान देणाऱ्यांचे होते, टंकलेखकाचेसुद्धा होते. मी काही बोलले नाही. पेढे वाटले, तेही मीच आणून. त्याला पंचवीस वर्षे होऊन गेली. रविवारी ‘सहकाऱ्याच्या पत्नीने’ वाचले आणि ती पेढ्यांची पेटी डोळ्यांसमोर आली.

आता दुसरी गोष्ट. लेखासोबत अगरबत्तीच्या कारखान्याचे छायाचित्र छापले आहे आणि खाली ‘बहुगुणी अगर’ अशी ओळ. संपादक महोदय, अगरबत्तीतले अगर म्हणजे अगरू, ते झाडाचे लाकूड. प्रयोगशाळेतले अगर समुद्रातल्या लाल शेवाळापासून होते, आणि आपल्या घरांत ते चायना ग्रास म्हणून येते. दूध घालून त्याच्या वड्या पुष्कळ घरांत होतात. कुणाही गृहिणीला विचारले असते तरी ही चूक टळली असती. सूक्ष्मजीवशास्त्राला यंदाच प्रवेश घेतलेल्या माझ्या नातीने ते छायाचित्र मला दाखवले आणि विचारले, ‘आजी, हे बरोबर आहे का?’

छायाचित्राची दुरुस्ती येत्या रविवारी छापावी, ही विनंती. आणि ती छापताना फॅनी अँजेलिना हेस्से हे नाव पूर्ण छापावे, सोबत श्वार्त्सेनबर्गच्या डॉ. वाल्थर हेस्से यांचेही.

आपली नियमित वाचक,
सेवानिवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक, मिरज