बाई, एक झेरॉक्स तुमच्या पेटीसाठी

आदरणीय बाई,
साष्टांग नमस्कार.

गेल्या मंगळवारी लेकीचा जातीचा दाखला हातात आला. सेतूतल्या पोरीने माझा जुना दाखला बघितला आणि म्हणाली, "वडिलांचा आहे ना? मग जास्त काही लागत नाही." मी तिथल्या बाकड्यावरच बसलो. जास्त काही लागत नाही! २००७ साली त्याच कागदापायी काय काय लागलं, ते तिला कुठून ठाऊक असणार? ते तुम्हाला ठाऊक आणि मला. समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "पुरे रे, चहा घे" म्हणून विषय तोडता. म्हणून हे चार लोकांदेखत लिहितोय.

पुण्यात १९६१ म्हटलं की पानशेत आठवतं, १२ जुलैचा पूर. आमच्या घरात त्याच सालातली दुसरी तारीख पाठ आहे, २१ नोव्हेंबर. भटक्या जमातीच्या दाखल्याला त्या दिवसाच्या आधीचा पुरावा मागतात. कागदावर जात लिहिलेली हवी आणि कागद वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातला हवा. आता तोरण्यामागच्या धनगरवाड्यावर त्या काळी शाळेचं तोंड कोणी पाहिलं होतं? तात्यांचा अंगठा, आज्ज्याचाही अंगठा. शाळेचा निर्गम उतारा आणायचा तरी कोणाचा?

एका कचेरीतून मी 'नोंद नाही' एवढं ऐकून परत आलो. तात्या म्हणाले, झालं एवढं बास, मामा पुण्यात हॉटेलात आहे, त्याच्याकडं जा. मला त्यात फार वाईटही वाटलं नव्हतं, खरं सांगतो. आमच्याकडची निम्मी पोरं तेच करत होती.

तुम्ही मात्र म्हणालात, "माणूस शाळेत गेला नसेल, पण जन्माला तर आला असेल ना?"

गाव नमुना नंबर १४, कोतवाल बुक. गावातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी त्यात असतात आणि जुन्या नोंदींत नावापुढे जातही असते. हे मला आज माहीत आहे, तेव्हा कोतवाल म्हणजे दवंडी देणारा एवढंच माहीत होतं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की तुम्ही डबा न उघडताच तालुक्याला. असे तीन शनिवार. तिसऱ्या शनिवारी चुलत आज्ज्याच्या जन्माची नोंद सापडली, ती मोडीत. नक्कल घेऊन तुम्ही आधी वस्तीवर आलात. तात्यांनी कागद हातात घेतला, मग मी घेतला. मी दहावी पास आणि तात्या अंगठेबहाद्दर, पण त्या मोडीपुढे दोघेही सारखेच. तुम्ही हसलात आणि म्हणालात, "मलापण येत नाही." मग सदाशिव पेठेत मोडी जाणणारे एक काका शोधलेत आणि त्यांच्याकडून देवनागरीत उतरवून आणलंत. जाण्यायेण्याचं एसटीचं तिकीट कोणी काढलं, ते मी आजवर विचारलेलं नाही. मग भोरला प्रांतांची सही झाली आणि दाखला निघाला.

आयटीआयचं तर त्याच्याही आधीचं. तुम्ही इतिहास शिकवायचात आणि वर करिअर मास्टर होतात, म्हणजे पोरांना पुढे काय शिकायचं ते सुचवणाऱ्या. आम्हाला वाटायचं हे मास्टर म्हणजे वेगळ्या पगाराचं पद असणार. होता तो नुसता जादा भार, प्रशिक्षण करून अंगावर घेतलेला. सरकारने दहावीची कलचाचणी २०१६ ला सुरू केली. तुमची चाचणी त्याच्या कितीतरी आधीची आणि एका प्रश्नाची: "कशात असलास की तुला भूक आठवत नाही?" मी म्हणालो, मुक्कामी एसटी बंद पडली आणि ड्रायव्हरकाकांनी बॉनेट उघडलं की. वर्गात सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत, वहीत लिहून घेतलंत. ६१ टक्क्यांवर औंधच्या आयटीआयत मोटार मेकॅनिक लागला तो त्या एका ओळीमुळे.

तुमचं सगळंच बरोबर आलं असंही नाही, आणि हे लिहिलेलं तुम्हाला आवडेल म्हणून लिहितो. माझ्या बाकावरच्या दोस्ताला तुम्ही डी.एड. सांगितलंत. तेव्हा सगळे तेच सांगत होते. २०१२ ला भरती थांबली आणि तो पाच वर्षं शेतावर बसून राहिला. तुम्ही त्याच्या घरी गेलात आणि "माझं चुकलं" म्हणालात. शिक्षकाच्या तोंडून हे शब्द मी दुसऱ्यांदा ऐकलेले नाहीत. आज त्याची नसरापूरला खताची गादी आहे, बरं चाललंय.

आणि ती पत्र्याची पेटी! आठवीपासून प्रत्येकाचं एक पाकीट: जन्माचा दाखला, रेशनकार्ड, उत्पन्न, नावाच्या स्पेलिंगमधला फरक लाल पेनने गोल केलेला. "मार्क नंतर बघू, आधी कागद," असं ओरडायचात. आम्ही कंटाळायचो. स्वारगेट आगारात नवा पोरगा शिकाऊ म्हणून आला आणि नाव एका कागदावर 'पांडुरंग', दुसऱ्यावर 'पांडूरंग' निघालं की मला तुमचं लाल पेन आठवतं. मग मीच त्याला घेऊन बसतो. मिस्त्री कमी आणि कारकून जास्त झालोय, असं बायको म्हणते.

हो, आपली वेल्ह्याची गाडी अजून माझ्या हाताखालून जाते. कागदावर आता राजगड तालुका झाला, पण पाटी दिसली की तोंडात वेल्हंच येतं. क्लच प्लेट बदलताना एक लक्ष जास्तच जातं, हे साहेबांना सांगू नका.

दिवाळीत दोन दिवस सुट्टी मिळेल असं दिसतंय. लेकीला घेऊन येतो, मुक्कामीनेच. तिच्या दाखल्याच्या दोन झेरॉक्स काढल्यात, एक तुमच्या पेटीसाठी. तिलाही तुमचा तो एक प्रश्न विचारा. मी विचारला तर "तुम्हाला काय करायचंय" म्हणते.

आपला,
दहावी २००७, खिडकीकडचा शेवटचा बाक