साहित्य घरातलंच असू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या वृत्तपत्रातलं मुलांचं पान मी दर आठवड्याला वाचते, कारण माझी दोन नातवंडं दिवसभर माझ्याकडेच असतात. नात पाच वर्षांची आहे, नातू तीनचा. ‘मुलांना घरी कसं रमवावं’ या लेखांचा मला उपयोग होईल अशी आशा असते. पण बहुतेक कृती साहित्याच्या यादीने सुरू होतात आणि यादीतलं निम्मं सामान विकत आणावं लागतं. चकचकीत कागद, रंगीत माती, टिकल्या, खास ब्रश. खेळ तासाभरात संपतो आणि उरलेलं सगळं केरात जातं. मी सगळी नोकरी हिशेबनीस म्हणून केली, म्हणून माझा प्रश्न हिशेबाचा आहे. स्वयंपाकाच्या सामानाचे पैसे आपण मोजतोच. मग मुलांचा खेळ त्याच सामानातून का निघू नये?

आमच्याकडे तो निघतो, आणि सुरुवात बाजारापासून होते. सामानाची यादी नात चित्रांनी काढते. बटाटा, लिंबू, दुधाची पिशवी, गाजर. यादी तिच्या हातात आणि वस्तू मिळाली की फुली तिनेच मारायची. हातात काम असलं की मूल हट्टाला बसत नाही, निदान कमी बसतं. दुकानांत मुलांना भुरळ घालणाऱ्या वस्तू मुद्दाम त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर मांडतात. त्या फळीसमोर ‘नको, नको’ म्हणत उभं राहण्यापेक्षा ‘आता पुढचं चित्र कुठलं?’ हा प्रश्न जास्त कामाला येतो. आणि दोघांना खाऊ घालूनच बाहेर पडायचं. भुकेलं मूल आणि भुकेलं मोठं माणूस, दोघंही नको ते उचलतात.

पुड्यावरचं वजन शोधणं हेही नातीचं काम. आकडे ती ओळखते, भागाकार मी करते. मोठा पुडा स्वस्तच पडतो असं सगळे धरून चालतात, पण किमतीला वजनाने भागून पाहिलं की पुष्कळदा तसं निघत नाही. निघालं तरी तो संपणार असेल तरच स्वस्त. सारख्या दिसणाऱ्या दोन पुड्यांत वजन वेगळं असतं, हे ती आता आपणहून दाखवते. नातवाचं काम म्हणजे दोन हातांत दोन बटाटे घेऊन जड कोणता ते सांगणं आणि मग काट्यावर ठेवून पाहणं. शिवाय दर खेपेला एक भाजी मुलांनी निवडायची. नवी चव मुलांच्या अंगवळणी पडायला ती आठ-दहा वेळा किंवा त्याहून जास्त वेळा पुढ्यात यावी लागते, म्हणून पहिल्या दिवशी थुंकली तर मी वाईट वाटून घेत नाही. थोडीशीच आणायची आणि पुन्हा आणायची.

फ्रिजमध्ये एक पसरट डबा ठेवला आहे. त्याचं नाव ‘आधी संपवा’. उरलेलं अर्धं गाजर, मऊ पडत चाललेला टोमॅटो, वाटीभर भात त्यात जातो आणि स्वयंपाकाआधी त्यात काय आहे ते मुलं मला सांगतात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, सालं-बियांसकट, आणि त्यातला ६० टक्के वाटा घरांचा होता. हॉटेलं आणि दुकानं नंतर येतात. काटकसर शिकवायची असेल तर ती दुकानाइतकीच या डब्यापाशीही शिकवावी लागते.

आता खेळांबद्दल. जांभळा कोबी आणला की चार पानं बाजूला ठेवते, बाकीचा जेवणात जातो. पानं बारीक चिरून त्यावर मी गरम पाणी ओतते, निवल्यावर गाळते. ते जांभळं पाणी दोन पेल्यांत घेऊन एकात लिंबू पिळलं की ते गुलाबी होतं आणि दुसऱ्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की निळं-हिरवं. दोन्ही पेले एकत्र केले तर आधी फेस येतो आणि मग रंग पुन्हा जांभळ्याकडे सरकतो. कोबीतलं अँथोसायनिन हे रंगद्रव्य आंबट (आम्ल) आणि सोड्यासारख्या अल्कधर्मी द्रवात वेगवेगळा रंग दाखवतं. रॉबर्ट बॉईल या शास्त्रज्ञाने १६६४ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात व्हायोलेट फुलांच्या रसावर हेच दाखवलं होतं. नातीला बॉईल कळायची गरज नाही. ‘आता दूध घालूया का?’ असं ती विचारते, तेवढं मला पुरतं.

सायीचं लोणी हा नातवाचा आवडता. घट्ट झाकणाच्या बरणीत अर्ध्याहून कमी साय घ्यायची आणि ती फार गार नको. बरणी आळीपाळीने हलवायची. आधी आवाज येतो, मग साय फुलते आणि आवाज बंद होतो. इथे मुलांना वाटतं की बिघडलं. त्यांना हलवत राहायला सांगावं, कारण थोड्याच वेळात स्निग्धाचे कण एकमेकांना चिकटतात आणि पातळ ताकात गोळा आपटल्याचा आवाज येतो. लोणी खायला होतं, ताक पीठ मळायला होतं, बरणी धुतली की संपलं.

पीठ आणि मीठ मळून चित्रं करायची कृती सगळीकडे सांगतात. मला ती पटत नाही. दोन वाट्या पिठात वाटीभर मीठ घालून ते कायमचं खाण्यातून बाद करायचं, तर त्यापेक्षा साध्या पिठाचे कासव नि साप करावेत आणि तेच भाजून खावेत. कच्चं पीठ मात्र चाखू देऊ नये. ते कोरडं दिसत असलं तरी त्यात अपायकारक जंतू असू शकतात.

मक्याच्या लाह्यांना तर काचेचं झाकण असलं की झालं. दाण्यात सुमारे १४ टक्के पाणी असतं. साधारण १८० अंश सेल्सिअसला आतल्या वाफेचा दाब टरफलाला सोसवत नाही आणि दाणा उलटा होऊन फुटतो. टरफलाला आधीच चीर असेल तर वाफ निसटते आणि दाणा तसाच राहतो. दोघं ओट्यापासून लांब, स्टुलावर बसून बघतात. खाते मात्र नातच. चार वर्षांच्या आतल्या मुलाच्या घशात लाही अडकू शकते, म्हणून नातवाला त्या दिवशी मऊ उकडलेलं गाजर. अशी सूचना आपल्या पानावर प्रत्येक कृतीखाली हवी, आणि ती ठळक हवी.

नोकरी करणाऱ्या आईबाबांना एवढा वेळ कुठून, असं कुणी म्हणेल. माझी सूनही म्हणते आणि ते खरं आहे. पसाराही होतो. पण रोज करायला मी सांगत नाहीये. स्वयंपाक तर रोज होतोच, त्यातलं एखादं काम मुलाच्या हाती द्यायचं आणि खाली मोठी परात ठेवायची, म्हणजे सांडलेलं परातीत राहतं. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालघर सुरू केलं. त्यांच्या पद्धतीत ओतणं, पुसणं, निवडणं ही घरातली कामंच मुलांच्या शिकण्याचा भाग झाली. या कामांना मुलं खेळ म्हणतात की काम, याची मी काळजी करत नाही. भांडं जागेवर ठेवल्यावर नातवाच्या चेहऱ्यावर जे दिसतं, ते कुठल्याही विकतच्या खेळण्याने आलेलं मी पाहिलेलं नाही.

तेव्हा माझी विनंती अशी. आपल्या पानावर दर आठवड्याला निदान एक कृती अशी द्या, जिचं सगळं साहित्य त्या आठवड्याच्या जेवणातलं असेल आणि शेवटी ते खाल्लं जाईल. मोठ्यांनी काय करायचं, मुलांनी काय आणि कोणत्या वयाच्या मुलाला काय द्यायचं नाही, हे वेगळं लिहा. विकत आणायची वस्तू असलीच तर ती नसताना काय वापरावं तेही सांगा.

पहिल्या आठवड्यासाठी मी मटार सुचवते. शेंग सोलण्याआधी आत किती दाणे असतील ते प्रत्येकाने सांगायचं, मग उघडून मोजायचं. सोललेले दाणे एका वाडग्यात, टरफलं दुसऱ्यात. तीन वर्षांच्या मुलाला शेंगेचं टोक आधी मोडून द्यावं आणि दाणा नाकात किंवा घशात जात नाही ना, यावर मोठ्या माणसाने बाजूलाच बसून नजर ठेवावी. सोलून झालं की लगेच शिजवायला घ्या.

आपली नियमित वाचक,
एक आजी, निवृत्त हिशेबनीस