कमाटीबागेत स्पर्शाने ऐकता येणारे शिल्प हवे

महोदय,

माझी धाकटी बहीण जन्मतः कर्णबधिर आहे. तरीही घरी तंबोऱ्याच्या जोडाच्या, म्हणजे मधल्या दोन, तारा छेडल्या की ती भोपळ्यावर तळहात टेकवून डोळे मिटते आणि हसते. ज्या वडोदऱ्यात १८८६ साली गायनशाळा सुरू झाली, तिथे अशा श्रोत्यांसाठी सार्वजनिक जागी काहीच नसावे, याचे फार वाईट वाटते. क्रोएशियातील झादर येथे २००५पासून समुद्रकाठच्या पायऱ्यांखालील ३५ नळ्या लाटांच्या दाबाने वाजतात. वडोदऱ्यातील कमाटीबाग या सार्वजनिक उद्यानातही कंप जाणवणारी लाकडी बाके, हाताने वाजवता येतील अशा धातूच्या पट्ट्या आणि ब्रेल फलक बसवावेत. मात्र आराखडा ठरवतानाच अंध, कर्णबधिर व चाकाची खुर्ची वापरणाऱ्या नागरिकांना विचारावे, कारण मागाहून जोडलेला उतार बहुधा चढवत नाही इतका तीव्र असतो.

एक वाचक, वडोदरा