बाबा, रात्री तीन वाजता

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई दबक्या आवाजात म्हणाली, "हल्ली हे रात्री तीनला उठून बसतात, छातीवर हात धरून." अँजिओप्लास्टीनंतरचे रिपोर्ट चांगले आहेत, पण भीतीला रिपोर्ट दाखवून भागत नाही, हे मला ठाऊक आहे बाबा.

मी इगतपुरीला धम्मगिरीवर विपश्यनेच्या शिबिराला गेले, ते तुम्हाला रुचलं नव्हतं. तिथे काय केलं, ते आज सांगते. पहाटे चारला घंटा, मौन, आणि पहिले तीन दिवस फक्त आनापान. नाकपुडीशी येणारा-जाणारा श्वास जाणायचा. लांबवायचा नाही, रोखायचा नाही, त्याला नामही जोडायचं नाही. चौथ्या दिवसापासून अंगावरच्या संवेदना बघायच्या. तासभर न हलता बसले, तेव्हा गुडघा नुसता पेटला होता. बघत राहिले तर त्या एका दुखण्यातही ठणका वेगळा, ऊब वेगळी, मुंग्या वेगळ्या. आणि सगळंच सारखं बदलत होतं.

सहाव्या दिवशी तुम्ही दोघं नसाल, हा विचार आला. घशात गोळा, हात गार. विपश्यना शिकवणारे गोयंका गुरुजी 2013 साली गेले. त्यांचाच आवाज ध्वनिफितीवर "अनिच्च, अनिच्च", म्हणजे सगळं अनित्य आहे, असं म्हणत होता. मी उठले नाही. गोळा बघत बसले. बऱ्याच वेळाने तो सैल झाला. भीती गेली असं नाही म्हणणार. ती आली की आता मला पळावं लागत नाही.

तुम्ही शिबिराला जा, असं म्हणत नाही. तीनला जाग आली की उशीला टेकून बसा. हा श्वास आत आला, हा बाहेर गेला, एवढंच बघा. मन उद्याकडे धावेलच. रागावू नका, परत आणा. मात्र छातीत दाबल्यासारखं झालं, घाम फुटला, हातात कळ आली, तर श्वास बघत बसायचं नाही. आईला उठवायचं, 108 ला फोन करायचा.

आई, कपाटात वेगळं काढून ठेवलेलं हिरवं लुगडं मी दिवाळीत पाहिलं. तेव्हा माझ्याने विचारवलं नाही. शनिवारी सकाळच्या गाडीने येते. तेव्हा ते मला दाखव, तुझ्या मनात काय आहे ते सगळं सांग. मी ऐकेन.

तुमची लेक